प्रातिनिधिक नमुना

पंगतीत वाढलेलं भरलं वांगं तोंडात घालायच्या आधी उजेडाकडे धरणारा, चष्मा कपाळावर सरकवून देठाजवळ भोक दिसतंय का ते बघणारा, आणि दिसलं की शेजारच्याला "शेंडा व फळ पोखरणारी अळी. आतच असेल" असं सांगून निवांत जेवायला लागणारा एक माणूस तुमच्याही नात्यागोत्यात आहे. नाही म्हणू नका. कृषी खात्यात, विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर, बियाण्याच्या कंपनीत नाहीतर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तो कुठेतरी 'सहायक' असतो. तंत्र सहायक, क्षेत्र सहायक, प्रयोगशाळा सहायक. साहेब कधीच नसतो. त्याची बातमी ऐकून शेजारचा उपाशी उठतो आणि हा मात्र तेच वांगं चवीनं संपवतो, कारण अळी नेमकी कुठे आहे ते त्याला माहीत असतं.

आमच्या वाट्याला आलेले असोद्याचे आप्पा. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक भिंत, तीही सामाईक. कृषी विद्यालयातली दोन वर्षांची पदविका घेऊन ते जळगावच्या एका प्रयोगशाळेत चिकटले आणि निवृत्त होईस्तोवर माती चाळत बसले. असोद्याहून जळगाव पाच-सहा किलोमीटर. पूर्वी मध्ये रेल्वेचं फाटक लागायचं. फाटक पडलं की बाकीची माणसं तंबाखू मळायची, मालगाडीचे डबे मोजायची, फाटकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आप्पा सायकल स्टँडला लावून शेजारच्या शेतात उतरायचे, खिशातल्या बाटलीतून मातीवर आम्लाचा एक थेंब टाकायचे आणि ती फसफसली की फाटकाकडे तोंड करून ओरडायचे, "चुनखडी!" फाटक उघडून सगळे जळगावात पोचलेले असायचे. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं की आप्पा खिशातून मातीची पुडी काढून टेबलावर ठेवत. साहेब नवा असला तर पुडी उघडून बघे. जुना असला तर म्हणे, "असू द्या, कामाला लागा."

आप्पांच्या आयुष्याचं सार एका वाक्यात मावतं आणि ते वाक्य त्यांनी आम्हाला जागेपणी, झोपेत आणि एकदा तर स्मशानातसुद्धा ऐकवलेलं आहे. "अहवाल प्रयोगशाळेत चुकत नाही, शेतात चुकतो. नमुना चुकला की सगळं चुकलं."

आता हा नमुना कसा घ्यायचा? तुम्ही विचारू नका, आप्पा सांगतीलच. शेतात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा. खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर घमेलं लोखंडी नको, प्लास्टिकचं हवं. सगळ्या खड्ड्यांची माती एकत्र करून तिचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन फेकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवून पिशवीत भरायची. पिशवीत एक चिठ्ठी, पिशवीवर एक चिठ्ठी: नाव, गाव, गट नंबर, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक. आणि मग निषेधांची यादी. बांधालगतचा नमुना घेऊ नये. झाडाखालचा घेऊ नये. उकिरड्याजवळचा घेऊ नये. पाणथळ जागेचा घेऊ नये. खत टाकल्यावर दोन-अडीच महिने तर अजिबात घेऊ नये.

इथवर कोणाची तक्रार नाही. सरकारी पत्रकात हेच छापलेलं असतं. अडचण अशी, की बाकीचे लोक हे नियम मातीला लावतात आणि आप्पा त्यांतून काहीच वगळत नाहीत.

भाचीच्या लग्नाचं जमत होतं. मुलगा भुसावळचा, रेल्वेत नोकरीला. घरच्यांनी एका मध्यस्थाकडून चौकशी केली आणि होकार ठरवला. आप्पा म्हणाले, "एका खड्ड्याची माती धरून तुम्ही जमीन विकत घेणार का?" मग ते स्वतः निघाले. शेजाऱ्याला विचारलं नाही, कारण तो बांधालगतचा. वॉर्डातल्या पुढाऱ्याला विचारलं नाही, कारण त्याच्या सावलीत सगळंच हिरवं दिसतं. मुलाच्या मामाला संध्याकाळी सातनंतर विचारलं नाही, कारण ती जागा पाणथळ होती. मुलाच्या घराला नुकताच गुलाबी रंग दिलेला बघून तर ते उंबऱ्यावरूनच परतायला निघाले होते: "खत टाकलंय. अडीच महिन्यांनी येतो." पोहे खाऊन तरी जा म्हणून त्यांना आत ओढावं लागलं. शेवटी किराणावाला, पेपरवाला, लोकलने अपडाऊन करणारे दोघं, जुना वर्गमास्तर, इस्त्रीवाला अशी आठ ठिकाणं झाली आणि रात्री आप्पांनी बहिणीसमोर अहवाल वाचला. "स्वभाव मध्यम. कमाई थोडी जास्त. बोलणं कमी. सामू जरा आम्लाकडे, पण सुधारण्याजोगा." लग्न झालं, भाची सुखात आहे. त्याचं श्रेय नवऱ्याला जात नाही, पत्रिकेला जात नाही, आठ खड्ड्यांना जातं.

रक्त तपासायला गेले तर तिथल्या मुलीला विचारलं, "एकाच हाताचं घेणार?" ती हसली. आप्पा हसले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांना आत पाठवण्याआधी ती मुलगी चहा पिऊन येते.

निवडणुकीच्या वेळी गावात चॅनेलची गाडी आली. पत्रकार पारावर गेला, पिंपळाखाली बसलेल्या चौघांसमोर दांडका धरला आणि 'असोद्याचा कौल' सांगून मोकळा झाला. आप्पांचा जीव तळमळला. झाडाखालचा नमुना! आणि तोही वर न खरवडता घेतलेला! दुसऱ्या दिवशी वही घेऊन ते गावात या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी फिरले. प्रत्येक घरात त्यांना चहा मिळाला आणि प्रत्येक घरानं त्यांना वेगळ्या पक्षाचं नाव सांगितलं. निष्कर्ष पाकिटात बंद करून त्यांनी न्हाव्याकडे ठेवला. मतमोजणीच्या दिवशी सगळ्यांसमक्ष पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं: 'नमुना दूषित. पुन्हा घ्यावा.'

घरात काकूंचं काय होत असेल ते काकूच जाणोत. कळण्याचं पीठ, ज्वारीचं पीठ, उडदाची डाळ, सगळ्या डब्यांवर चिठ्ठी असते, आणि डब्याच्या आतही असते. बाहेरची चिठ्ठी निघून गेली तर? पुरणपोळीचं पीठ मळताना काकूंच्या हाताला एकदा 'गट क्र. अमुक, मागचं पीक हरभरा' असा कागद लागला. काकूंनी तो कागद जपून ठेवलाय, भांडणात उपयोगी पडतो म्हणून. "आमच्या घरात माती तेवढी चाळून घेतात," त्या म्हणतात, "तांदूळ मलेच निवडा लागतात."

पण आप्पांना खरं बघायचं तर भरताच्या पार्टीत. थंडी पडली की खानदेशातल्या मळ्यांतून धूर निघायला लागतो. आमचं भरिताचं वांगं म्हणजे लांबोडकं, हिरवट-पांढरं, बिया कमी, साल पातळ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या वर्षी जळगावच्या केळीलाही. बामणोदच्या लोकांना विचारलं तर असोद्याला मान कशाचा, आणि असोद्याला विचारलं तर बामणोद कुठे आलं, हा वाद मानांकनानंतरही आहे तिथेच आहे. तर मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करतात, त्यात वांगी टाकतात, साल काळी होऊन सुटायला लागली की काठीनं ओढून काढतात. मग पाण्याचा हात लावत सालं सोलायची, देठ तसाच ठेवायचा, वांगं उभं उकलून आत अळी नाही ना बघायचं आणि लाकडाच्या बडगीत टाकून ठेचायचं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टमाट्याचं नाव काढलं तर मळ्यातून हाकलतात.

वांगी उकलून बघायचं काम अर्थातच आप्पांकडे. पन्नास माणसं भुकेनं व्याकुळ आणि आप्पा प्रत्येक वांग्यामागे वहीत एक रेघ ओढतात. चांगल्याची उभी, किडक्याची आडवी. "टक्केवारी काढतो." काढा. मग भरीत तयार झालं की बडगीत उलथण्यानं त्याच्यावर उभी-आडवी रेघ मारायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे. ते दोन भाग मातीच्या बाबतीत फेकून देतात. भरिताच्या बाबतीत ते आप्पांच्या ताटात जातात. शास्त्रात इतकी लवचिकता त्यांनी मान्य केलेली आहे.

असोदा म्हटलं की बहिणाबाई येतातच, त्यांना टाळून इथल्या माणसाबद्दल लिहिता येत नाही. १८८० साली याच गावात महाजनांच्या घरी त्या जन्मल्या, जळगावच्या चौधरींकडे सासरी गेल्या, अक्षरओळख नव्हती, आणि शेतात-घरात राबताना ज्या ओव्या सुचल्या त्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या होत्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. गावात दर वर्षी कोणी ना कोणी यावर भाषण करतं: माती, माहेर, प्रतिभा. आप्पांचं भाषण कोणी ठेवत नाही, पण मत ठाम आहे. "बाईनं नमुना बरोबर घेतला होता. शेत, विहीर, जातं, घरोटं, पक्षी, माणूस, सगळ्या जागचा. पण सोपानदेवांनी चिठ्ठी लावली म्हणून तो टिकला. चिठ्ठी नसती तर कोणाचा नमुना, कोणत्या गटाचा, काय कळलं असतं?" हे ऐकून गावातले एक कवी त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. मला मात्र या मतात अजून चूक सापडलेली नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. कचेरीत ते गेलं नाही.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य कार्डाची योजना देशभर सुरू झाली. प्रत्येक शेतकऱ्याला कार्ड, कार्डावर बारा गोष्टी: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. आप्पांना वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला. मग नियम आला. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे एका चौकोनातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या हातात एकाच मातीचा अहवाल. ज्यानं दहा वर्षं शेणखत टाकलं त्याचंही तेच कार्ड, ज्यानं बांध कोरून फक्त युरिया ओतला त्याचंही तेच. "गल्लीत एकाचा ताप मोजायचा आणि सगळ्यांना गोळी द्यायची," आप्पा म्हणाले. पण तरी ते चाळत राहिले. निदान त्या चौकोनातला एक खड्डा तरी खरा असेल, या आशेवर.

मार्च उजाडला. उद्दिष्ट पूर्ण करायची घाई. एका दुपारी पाच पिशव्या आल्या, पाच गावं, पाच नावं, पाच गट नंबर. आप्पांनी पाचही ओळीनं टेबलावर ओतल्या, बोटांत चोळल्या, आम्लाचा थेंब टाकला. पाचही सारख्याच फसफसल्या. पाचांतही कडुलिंबाच्या सारख्याच काड्या निघाल्या. आप्पांनी शेरा लिहिला: 'पाचही नमुने एकाच झाडाखालचे. परत पाठवावेत.' पिशव्या परत गेल्या नाहीत. आप्पांना त्या टेबलावरून उचलून आवक-जावकला बसवलं. पुढचे सहा महिने पाकिटांवर तिकिटं चिकटवताना त्यांचं काय झालं असेल ते मी विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की आवक आणि जावक यांचा मेळ पहिल्यांदाच बसला.

गावात तरी काय निराळं होतं? तापीखोऱ्यातली आमची काळी जमीन, चुना भरपूर, सामू आठाच्या आसपास. अशा जमिनीत लोह असतं, पण पिकाला मिळत नाही. केळीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी पिवळेपणा बघतो आणि युरियाचं पोतं फोडतो. आप्पा पान हातात धरून सांगायचे, "नत्र कमी असतं तर जुनं पान आधी पिवळं पडलं असतं भो. हे नवं पान हाये. शिरा पाहून घे. हिराकस फवार." हिराकस स्वस्त. स्वस्त औषधावर कोणाचा विश्वास बसतो?

आणि त्यांच्याकडे औषध मागायला जाणं म्हणजे शिक्षाच.

"आप्पा, कपाशीवर अयी पडली. काय मारू?"

"किती अयी?"

"लय पडली."

"लय म्हंजे किती? एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून आन. आठ-दहा जागची. बांधावरची नको."

वीस बोंडं फोडायची. दोनांत गुलाबी अळी सापडली तर फवारा, एकात सापडली तर थांबा. कामगंध सापळा लावला असेल तर रात्री आठ पतंग, तेही लागोपाठ तीन रात्री, सापडले तरच औषधाचं नाव काढा. तोवर मोजा. शेतकऱ्याला रात्री झोप नाही, उसनवारीनं आणलेलं बियाणं डोळ्यांसमोर दिसतंय, आणि हा माणूस म्हणतो पतंग मोजा! तो उठतो आणि कृषी केंद्रावर जातो. तिथे पाच मिनिटांत तीन बाटल्या मिळतात, त्याही उधारीवर. उधारी हा शेतीतला मोठा सल्लागार आहे. आप्पांचा सल्ला फुकट, म्हणून त्याला किंमत नाही. दुकानदाराचा सल्ला हंगामअखेर व्याजासकट वसूल होतो, म्हणून तो तज्ज्ञ.

२०१७ चा हंगाम खानदेशात आणि विदर्भात कोणी विसरलेला नाही. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली होती आणि लोक दिसेल ते औषध दिसेल त्यात मिसळून मारत होते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. पेपरात रोज बातमी येई. आणि त्याच दिवसांत आमच्याच गल्लीतला एक पोरगा भरदुपारी, अंगात बनियन, तोंडाला फडकं नाही, तीन बाटल्या एका बादलीत ढवळत होता. आप्पा तिथे पोचले. नेहमीप्रमाणे भाषण देतील, बोंडं मागतील, पोरगा ऐकणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी पंपाची नळी हातात घेतली, पुढचं नोझल फिरवून काढलं, धोतराला पुसलं, खिशात टाकलं आणि चालू लागले.

"आप्पा! नोझल कोठी नेऊन राह्यले?"

"नमुना हाये," आप्पा म्हणाले. "तपासून देतो."

पोरानं दोन दिवस आप्पांना गल्लीभर शिव्या घातल्या. आप्पा त्या दोन दिवसांत त्याच्या शेतात नागमोडी फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावर वीस बोंडं फोडून ओळीनं मांडून ठेवलेली होती. एकात अळी. शेजारी चिठ्ठी: नाव, गट नंबर, तारीख, 'फवारणीची गरज नाही. सात दिवसांनी पुन्हा मोजणे.'

आमच्या गावात आजवर कोणी कोणाचा जीव वाचवल्याची नोंद अशा कोरड्या भाषेत झालेली नाही. आणि ती झाली आहे हे आप्पांच्याही ध्यानात आलं नसावं, कारण त्यांच्या मते तो किडीचा अहवाल होता.

मला आप्पांचा राग येतो तो इथेच. माणसानं इतकं उपयोगाचं असावं आणि इतका वैताग द्यावा! घाईत असलेल्या माणसाला ते आवडत नाहीत, आणि शेतकरी, दुकानदार, साहेब, पुढारी, पत्रकार यांतलं घाईत नाही कोण? प्रत्येकाला पहिल्या खड्ड्यातच उत्तर हवं असतं. हा माणूस सांगतो की आणखी सात खणायचे आहेत. खोटं बोलणाऱ्याला आपण माफ करतो. थांबा म्हणणाऱ्याला करत नाही.

त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. लोक मोबाइलवर काय बघतात, कुठे बोट थबकतं, याचे नमुने तो गोळा करतो. बापाचाच धंदा, फक्त माती नाही. बापाला वर्षाला मिळे तेवढं त्याला महिन्याला मिळतं. त्यानं एकदा आप्पांना समजावून सांगितलं, की लाखो माणसांची माहिती आपोआप जमा होते, नागमोडी चालावं लागत नाही. आप्पांनी विचारलं, "ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याचा खड्डा कोण खणतं?" पोरगा उत्तर शोधतोय. त्याच्या साहेबांनाही हा प्रश्न आवडला नाही म्हणे. घराण्याची रीत चालू आहे.

आप्पांच्या माळ्यावर वह्या आहेत. कोणत्या शिवारात कोणत्या साली कोणती कीड कधी आली, कोणत्या गटाचा सामू किती होता, कोणी शेणखत बंद केल्यावर सेंद्रिय कर्ब किती वर्षांत उतरला. त्या प्रयोगशाळेला नको आहेत, कारण त्या संगणकात बसत नाहीत. गावाला नको आहेत, कारण त्यांत औषधाचं नाव नाही. पोराला वाचता येतात, पण शेतं ओळखता येत नाहीत. या नमुन्याला चिठ्ठी कोण लावणार, हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी हा लेख लिहायला बसलो.

लिहून झाल्यावर आप्पांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, गहिवरले. संपल्यावर म्हणाले, "किती जणांले विचारलं?"

"कोणाला नाही. मी स्वतः इतकी वर्षं बघतोय की तुम्हाला."

"तुमी शेजारी," आप्पा म्हणाले. "बांधालगतचा नमुना. हे छापू नका. आठ जागी विचारा, मिसळा, मग लिहा."

मी गावात निघालो. किराणावाला म्हणाला, माणूस सरळ, पण शेंगदाणे घेताना पोत्याच्या तळाशी हात घालतो. न्हाव्याकडे अजून ते पाकीट आहे. शाळेतले गुरुजी म्हणाले, पाचवीच्या पोरांना त्यांनी शाळेच्या मैदानात खड्डे खणायला शिकवलं, आता कबड्डी होत नाही, पण पोरं झाडाखाली बसून शपथेवर खोटं बोलत नाहीत. डेअरीवरचा मुलगा म्हणाला, रोज दुधाला फॅट लागली की मशीन बरोबर आहे का विचारतात. केळीच्या गाडीवरचा हमाल म्हणाला, घड उचलताना आप्पा समोर नकोत, पान बघत वाटेत उभे राहतात. एसटीच्या कंडक्टरनं मातीच्या पिशव्यांचं लगेज कधी लावलं नाही, कारण वजनावरून वाद घातला असता तर गाडी भुसावळला पोचली नसती. नोझलवाला पोरगा आता दोन लेकरांचा बाप आहे. तो म्हणाला, "माह्यं नोझल त्यायनं अजून दिलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "मीबी मांगलं नाही."

आठवी जागा राहिली होती, म्हणून कृषी केंद्रावर गेलो. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. आप्पांविषयी विचारताच गल्ल्याखालून त्यानं उधारीची एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. एका पावसाळ्यात आप्पा चार महिने पोराकडे पुण्याला होते. त्या चार महिन्यांची विक्री त्यानं लाल शाईनं अधोरेखित केली होती. "या सालाएवढा धंदा आधी झाला नाही, नंतर झाला नाही," तो म्हणाला.

आप्पांच्या कामाची गावातली एवढीच लेखी नोंद. तारीख आहे, आकडा आहे, नावसुद्धा आहे.

निघताना दुकानदारानं मला हाक मारली. "भाऊ, आप्पांना सांगा, पुण्याची हवा त्यांना फार मानवते. जाण्यायेण्याचं तिकीट लागलं तर मी काढतो." मग जरा हिशोब करून म्हणाला, "जाण्याचं."